अर्धी घडलेली वस्तू आधी बघा: नाशकात कारागिरांकडून दिवाळीच्या भेटी घेताना

अनंत चतुर्दशीला गणपती गेले की आमची दिवाळीची खरेदी सुरू होते. लवकर वाटेल, पण हाताने घडणाऱ्या वस्तूला जेवढे दिवस लागतात तेवढे लागतातच. दिवाळी आठ दिवसांवर आली म्हणून ओली माती लवकर वाळत नाही आणि मागही दुप्पट वेगाने चालत नाही. चतुर्दशी ते लक्ष्मीपूजन मिळून सहा आठवडे हाताशी असतात. त्यातला पहिला पंधरवडा पितृपक्षाचा. या दिवसांत बरेच लोक नवी खरेदी करत नाहीत, त्यामुळे कारखान्यांत गर्दी नसते आणि कारागिराला बोलायला सवड असते. फिरून बघायला, माप-नमुना ठरवायला याहून चांगला काळ नाही. ज्यांना पितृपक्षात व्यवहार नको वाटतो त्यांनी वस्तू बोलून ठेवावी आणि विसार घटस्थापनेला द्यावा. खंडेनवमीला हत्यारं पूजेत असतात, काम बंद असतं. त्या दिवशी जाऊ नये. दसऱ्यानंतरचे वीस दिवस माल ताब्यात घेणं, बांधणं आणि पाठवणं एवढ्याचसाठी ठेवायचे.

कुठेही गेलं तरी एक गोष्ट आम्ही सोडत नाही. तयार माल बघण्याआधी अर्धवट झालेली वस्तू दाखवायला सांगतो. तयार वस्तूवर पॉलिश असतं, रंग असतो, झालर लावलेली असते. अर्धवट वस्तूत जाडी, सांधा, उलटी बाजू सगळं उघडं असतं. शिवाय, जो स्वतः घडवतो त्याच्याकडे अर्धवट वस्तू असतेच. जो फक्त आणून विकतो त्याच्याकडे ती नसते. विक्रेत्याकडून घेण्यात गैर काही नाही, पण कोणाकडून काय घेतोय हे माहीत असावं.

तांब्या-पितळेसाठी जुन्या नाशकात जायचं. गाडी रविवार कारंज्याच्या अलीकडे लावून पायी गेलेलं बरं. पुढे गल्ल्या अरुंद आहेत आणि हातगाड्यांतून चारचाकी बाहेर काढताना अर्धा तास जातो. तांबट लेन आणि भांडी बाजार या दोन जागा एकच समजू नयेत. भांडी बाजारात दुकानं आहेत आणि तिथला बराच माल बाहेरून आलेला, यंत्रावर दाबलेला असतो. घडवणाऱ्याकडे जायचं तर ठोक्यांच्या आवाजाच्या मागे जावं लागतं. आता पूर्वीइतकी घरं या कामात राहिलेली नाहीत, तेव्हा भांडी बाजारातल्या जुन्या दुकानदारालाच सरळ विचारावं, 'काका, हाताने मठारून, ठोके घालून कोण देतं?' ते सांगतात. जायचा दिवस ठरवताना गंगापूर धरणातून विसर्ग चालू आहे का तेवढं बघायचं. गोदेचं पाणी पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीपर्यंत चढलं की भांडी बाजार आणि सराफ बाजारातले दुकानदार माल वर हलवण्याच्या धांदलीत असतात. सप्टेंबरात असा एखादा दिवस येऊ शकतो.

तांब्याचं काम समजून घ्यायला अर्धा तास शेजारी बसावं. पत्र्याची गोल चकती कापतात, ती भट्टीत लाल होईपर्यंत तापवतात आणि पाण्यात विझवतात. तांबं असं तापवलं की मऊ होतं आणि ठोकलं की कडक. त्यामुळे थोडं ठोकायचं, पुन्हा तापवायचं, पुन्हा ठोकायचं हे चक्र एका तांब्यासाठी अनेकदा फिरतं. घाईत एखादी तापवण वाचवली तर काठाशी बारीक चीर पडते. ती चीर आधी केसाएवढी असते आणि वापरात लांबत जाते. म्हणून काठावरून नख फिरवून बघायचं. कुठे अडकलं तर ते भांडं बाजूला ठेवायचं. आकार आला की भांडं लोखंडी दांड्यावर उलटं चढवून बाहेरून एकेक ठोका शेजारी शेजारी देतात. हे मठारणं. शोभा तर येतेच, पण पत्रा त्याने आणखी कडक होतो. मठारलेला तांब्या हातातून पडला तर साध्यापेक्षा कमी चेमटतो.

हाताचा ठोका आणि साच्याचा ठोका यांतला फरक उजेडात तिरपं धरलं की कळतो. साच्यातला नमुना ठराविक अंतराने जसाच्या तसा पुन्हा येतो. हाताच्या ठोक्यांच्या ओळी सरळ असतात, पण गळ्याशी आकार अरुंद होतो तिथे ठोके लहान होतात, पोटाशी मोठे होतात, आणि दोन ओळी कुठे तरी एकमेकींत मिसळतात. आम्हाला तांब्याच्या भांड्यात सगळ्यात आवडते ती हीच जागा, पोटावरून गळ्याकडे वळताना ठोका आखडत गेलेला. तिथे बोट फिरवून बघाच.

पत्र्याची जाडी गेजमध्ये सांगतात आणि इथे नवखा माणूस हमखास चुकतो. आकडा जितका मोठा, पत्रा तितका पातळ. १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर, २० म्हणजे ०.९, २२ म्हणजे ०.७ आणि २६ म्हणजे ०.४५. रोजच्या वापराच्या भेटीला २२ च्या वर जाऊ नये. ३०० मिलीचा सरळ ग्लास २२ गेजमध्ये १६० ग्रॅमच्या आसपास भरतो. तोच १०० ग्रॅमच्या आसपास भरला तर पत्रा २६ गेजचा आहे आणि दोन बोटांनी दाबला की दबेल. वजन महत्त्वाचं, कारण किंमत किलोवर अधिक मजुरी अशी लागते. मजुरी वेगळी विचारून घ्यावी. मजुरीत घासाघीस करू नये. धातूचा भाव कारागिराच्या हातात नसतो. त्याच्या हातात मजुरीच असते, आणि आपण कापतो ती नेमकी तीच.

घेताना तीन तपासण्या. भांडं पाण्याने भरून वर्तमानपत्रावर पंधरा मिनिटं ठेवायचं. डाख दिलेल्या सांध्यातून गळत असेल तर कागदावर ओल दिसते. लिंबाची फोड मिठाला लावून आतल्या बाजूला घासायची. तांबं उघडं असेल तर ती जागा लगेच गुलाबी उजळते. काहीच फरक पडला नाही तर चकाकीसाठी वर लॅकर मारलेलं आहे. पाणी प्यायच्या भांड्याला आतून लॅकर नको, हे ऑर्डर देतानाच बजावून सांगावं, कारण दिवाळीच्या गर्दीत सगळा माल एकाच फवाऱ्याखालून जातो. तिसरी तपासणी म्हणजे बूड सपाट फरशीवर ठेवून डोलतं का ते बघणं.

पितळेची कढई किंवा पातेलं द्यायचं असेल तर कल्हई करूनच द्यावं. बिनकल्हईचं पितळ भेट देणं म्हणजे घेणाऱ्याला कल्हईवाला शोधायला लावणं, आणि तो आता दारावर येत नाही. कल्हई समोर बसून करून घ्यावी. तापलेल्या भांड्यात नवसागराची चिमूट पडते, पांढरा धूर उठतो, त्यावर कथलाची कांडी टेकवली की ती लगेच वितळते, आणि कापसाच्या बोळ्याने एका फेरीत आतून पुसली की पिवळं भांडं डोळ्यांदेखत पांढरं होतं. बोळा काठापर्यंत फिरला का, तळाच्या वळणात पिवळा पट्टा राहिला का, हे भांडं गार व्हायच्या आत सांगायचं. तेव्हाच दुरुस्त होतं. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणून अशी कढई रिकामी गॅसवर तापत ठेवली तर कल्हई ओघळून तळाशी गोळा होते. ही सूचना चिठ्ठीवर लिहून भांड्यासोबत द्यायची.

नाव घालून घ्यायचं असेल तर कागदावर ठसठशीत अक्षरात लिहून द्यावं, तोंडी सांगू नये. 'शि' आणि 'शी'ची चूक धातूवर खोडता येत नाही. पातळ पत्र्यावर यंत्राची सुई आतून उठते, तेव्हा नाव कडेला किंवा बुडाला घ्यावं, पोटावर नको.

मातीच्या कामाला वेळापत्रक पावसाचं. जुन्या नाशकात काझीच्या गढीलगत कुंभारवाडा आहे. परतीचा पाऊस नाशकात ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत रेंगाळतो, आणि तोवर चाकावरून उतरलेला माल वाळत नाही. ओल राहिलेली पणती भट्टीत गेली की आतल्या पाण्याची वाफ होऊन ती फुटते, आणि एक फुटली की शेजारच्या चार घेऊन जाते. म्हणून कुंभाराकडे सप्टेंबरात संख्या सांगून ठेवायची आणि माल दिवाळीच्या आठ-दहा दिवस आधी उचलायचा; त्याआधी तगादा लावून उपयोग नाही. मोजून हवी असेल त्यापेक्षा दहात एक जास्त घ्यावी.

भाजणी बघायला दोन पणत्या एकमेकींवर हलक्या वाजवायच्या. खणखणीत आवाज आला तर नीट भाजली. बद आवाज आला तर कच्ची आहे किंवा चीर आहे. भट्टीच्या कडेच्या पणत्यांना आच कमी लागते, त्या रंगानेही फिकट असतात. याहून फसवी गोष्ट म्हणजे चुनखडीचा खडा. मातीत चुन्याचा बारीक कण राहिला तर भाजताना तो जळतो, आणि मग हवेतली ओल पिऊन आठ-पंधरा दिवसांत फुगतो. चांगली दिसणारी पणती घरात ठेवल्या जागी टवका टाकते, मध्ये पांढरा ठिपका दिसतो. यावर उपाय एकच. घरी आणल्याबरोबर सगळ्या पणत्या रात्रभर पाण्यात बुडवायच्या. ज्या उडायच्या त्या तिथेच उडतात, आणि उरलेल्या पुढे तेलही कमी पितात. नंतर सावलीत दोन दिवस वाळवायच्या. रंगवलेल्या पणत्यांना हे करता येत नाही, म्हणून आम्ही कोऱ्या घेतो आणि रंग लावायचाच झाला तर बाहेरच्या कडेपुरता. तेल आतून झिरपलं की पूर्ण रंगवलेल्या पणतीचा रंग पापुद्र्यासारखा सुटतो.

मुलांच्या घरी किल्ल्यावरचे मावळे द्यावेत. मातीचे मागावेत, प्लास्टरचे नकोत. मातीच्या मावळ्याचं बूड कोरं ठेवलेलं असतं, तिथे भाजलेला लाल रंग दिसतो. प्लास्टर उचललं की तळ खडूसारखा पांढरा.

सिरॅमिक करणाऱ्यांचे स्टुडिओ शहरात आता घरोघरी, बंगल्यांच्या मागच्या खोलीत सापडतात. फोन करून, वेळ घेऊनच जायचं. भट्टी उघडायच्या दिवशी बोलावलं तर नक्की जावं. चहाचे मग किंवा वाट्यांचा संच नव्याने करून हवा असेल तर चार आठवडे धरावे. आठवडाभर वाळवणं, हजार अंशांच्या आसपास पहिली भाजणी, मग ग्लेझ म्हणजे काचेसारखा लेप, मग १२०० अंशांच्या वर दुसरी भाजणी, आणि प्रत्येक वेळी भट्टी गार व्हायला एक-दोन दिवस. माती या प्रवासात दहा-बारा टक्के आकसते. ओला मग बघून 'एवढाच हवा' म्हटलं तर हातात छोटा मग येतो. माप नेहमी तयार वस्तूवर दाखवावं, आणि मिलीमध्ये सांगावं. मगाच्या कानाचा सांधा, बुडाची कोरी कड आणि आतलं ग्लेझ या तीन जागा बघाव्यात. कोरी कड खरखरीत असेल तर जेवणाच्या टेबलावर ओरखडे पडतात. स्टुडिओतच पॉलिशपेपरने घासून देतात, फक्त सांगावं लागतं. आतल्या ग्लेझला केसासारख्या चिरांचं जाळं असेल तर तो मग चहाचे डाग धरेल. तो फुलदाणी म्हणून घ्यावा.

पैठणीसाठी येवल्याला जायचं. निफाड, विंचूर मार्गे ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर, दोन-अडीच तास. सकाळी निघून अकराच्या आत पोचलं तर माग चालू असतो आणि उजेडही चांगला असतो. येवल्यात पुढच्या खोलीत माग आणि मागे घर अशी कितीतरी घरं आहेत. चपला बाहेर काढायच्या, ताण्यावर, म्हणजे मागावर ताणलेल्या उभ्या धाग्यांवर, हात ठेवायचा नाही. हाताचा तेलकटपणा रेशमाला लागला की त्या जागी पुढे डाग धरतो, आणि तणावावरचा एक धागा तुटला तर विणकराचा वेळ जातो. मोठ्या दुकानांत दर्शनी भागात एखादा हातमाग ठेवलेला असतो. समोर हातमाग आहे म्हणून मागच्या गठ्ठ्यातली प्रत्येक साडी त्याच्यावरची आहे असं नसतं. हे नीट लक्षात ठेवून बोलावं.

मागावरचा पदर बघणं हीच खरी ओळख. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसलेला असतो, आणि ताण्यावर रंगीत रेशमाच्या छोट्या छोट्या कांड्या लोंबत असतात. मोराच्या मानेला एक, पिसाऱ्याला दुसरी, चोचीला तिसरी. तो उभे धागे बोटाने मोजतो, कांडी तेवढ्याच धाग्यांखालून काढतो, शेजारच्या रंगाच्या धाग्याला अडकवून परत वळवतो. अशी एक आडवी ओळ पुरी झाली की फणी ठोकतो. मोराच्या डोळ्याएवढी जागा भरायलाही अशा कित्येक ओळी लागतात. भरगच्च पदर दिवसाला एक-दोन इंचच पुढे सरकतो. रंग असा धाग्याला धागा अडकवून बदलत असल्यामुळे मागच्या बाजूला लोंबते धागे राहत नाहीत, आणि पैठणीचा मोर उलट्या बाजूनेही तेवढाच स्वच्छ दिसतो. यंत्रमागावर रंगाचे धागे मागून आडवे धावतात आणि मग कापलेले असतात. हात फिरवला की खरखर लागते. काठाकडेही बघावं. काठ आणि अंग वेगळ्या रंगांचे असतील तर हातमागावर आडवा धागा नेणारे तीन धोटे चालतात, दोन काठांना आणि एक अंगाला, आणि जिथे ते एकमेकांत अडकतात तिथे बारीक दातेरी रेघ येते.

पैठणीला २०१० पासून भौगोलिक मानांकन आहे आणि रेशमासाठी सिल्क मार्कचं लेबल मिळतं. लेबल बघावं, पण लेबल धाग्याबद्दल सांगतं, मागाबद्दल नाही. धागाही स्वतः तपासता येतो. मागाखाली कापलेली टोकं पडलेली असतात, त्यातलं एक मागून घ्यायचं आणि बाहेर नेऊन काडी लावायची. रेशीम केस जळल्यासारखा वास देतं आणि राख बोटात चुरडते. कृत्रिम धागा वितळून त्याचा कडक मणी होतो. जरीचंही तसंच, प्लास्टिकची असेल तर आकसून गोळा होते. जरी कोणती आहे हे विणकराला सरळ विचारावं आणि बिलावर लिहून घ्यावं, कारण साडीच्या किमतीतला मोठा फरक तिथेच असतो.

अख्खी पैठणी प्रत्येकाला भेट देणं कोणालाच झेपणारं नाही. ओढणी, स्टोल, चौकटीत बसवायला एकच मुनिया (पोपट) किंवा असावलीची (फुलवेलीची) बुट्टी, ब्लाउजपीस या हातमागावरच्या छोट्या वस्तू सांगून विणून मिळतात, पण महिनाभर आधी. पर्स, बटवे, तोरणं, जॅकेट मात्र बहुतेक यंत्रमागाच्या कापडातून शिवलेली असतात. दिसायला छान असतात, आम्हीही घेतो, पण हातमागाच्या भावाने नाही. भावजयीला किंवा नणंदेला साडीच द्यायची असेल तर पदराची लांबी, नारळी काठ हवा की मुनियाचा, आणि पाचवारी की नऊवारी, हे ठरवूनच जावं. तिथे गेल्यावर ठरवू म्हटलं की चाळीस साड्या उलगडून संध्याकाळ होते आणि निवड घाईत होते.

वारलीसाठी पेठ, हरसूलकडे. त्र्यंबकेश्वर ओलांडून हरसूलचा रस्ता पावसाळ्यानंतर खराब असतो, दिवस हाताशी ठेवून निघावं. पूर्वी भिंतीवर गेरू आणि तांदळाच्या पिठाने काढलेली ही चित्रं आता कापडावर, शेण-गेरूच्या थरावर पांढऱ्या रंगाने काढतात. हाताने काढलेल्या चित्रात तारपा नाचाच्या वेढ्यातली माणसं सारखी वाटली तरी एकाचा गुडघा जास्त वाकलेला असतो, आणि प्रत्येक रेघेच्या शेवटी रंगाचा जरासा दाट ठिपका साठतो. छापलेल्या चित्रात तो ठिपका नसतो आणि सगळे गुडघे एकसारखे. कापड घडी घालून आणायचं नाही, घडीवर रंग तडकतो. तीन इंची पाइपावर रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळायचं. आणि धुवायचं कधीच नाही, खालचा थर पाण्याने सुटतो.

याच भागात बांबूच्या टोपल्या, सुपल्या, कंदिलाचे सांगाडे मिळतात. बांबूत साखर आणि पिठूळपणा असतो, त्याला किडा लागतो. टोपली पांढऱ्या कागदावर आपटली आणि पिवळसर भुगा पडला तर ती घरात आणू नये, शेजारच्या लाकडी सामानालाही लागण होऊ शकते.

चित्रकारांकडे जाण्याबद्दल लोकांना उगाच संकोच वाटतो. नाशिकला जलरंगाची परंपरा आहे. शिवाजी तुप्यांसारख्यांनी इथला घाट आणि इथली देवळं आयुष्यभर रंगवली, आणि आजही गोदाघाटावर सकाळी कागद लावून बसलेले चित्रकार दिसतात. कुसुमाग्रज स्मारकातल्या कलादालनात प्रदर्शन असेल तेव्हा चित्रकार स्वतः तिथे असतात. आधी तिथे भेटावं आणि मग घरच्या स्टुडिओची वेळ मागावी. स्टुडिओत भिंतीवरची मोठी चित्रं बघून झाल्यावर खणातली छोटी कामं दाखवायची विनंती करावी. घाटावर बसून तासाभरात केलेलं ११ बाय १५ इंचांचं काम भेटीला उत्तम, आणि मोठ्या चित्राच्या मानाने आवाक्यातलं. किंमत चित्रकार सांगेल ती. नको असेल तर आभार मानून निघावं, पण भाव पाडून मागू नये.

कागद विचारावा. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) सुती, आम्लरहित कागद असेल तर तो पिवळा पडत नाही. चित्र खिडकीकडे धरून मागून उजेड येऊ द्यावा. पावसाळाभर बंद खणात राहिलेल्या कागदावर बुरशीचे तपकिरी ठिपके असतील तर तेव्हाच दिसतात. सही आणि वर्ष आहे ना बघावं. मूळ चित्र की प्रत, हे बिलावर लिहून घ्यावं. प्रत घेण्यात कमीपणा नाही, फक्त ती प्रत म्हणून द्यावी. फ्रेम करताना माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड कागदाची चौकट, लावायचाच. काच कागदाला चिकटली की ओल धरते आणि रंग काचेला लागतो. कुरिअरने जाणाऱ्या फ्रेमला काच नको, अ‍ॅक्रिलिक घालायचं. फ्रेमवाले दसऱ्यानंतर आठवड्याचं काम पंधरा दिवसांवर नेतात, तेव्हा चित्र नवरात्रातच त्यांच्याकडे पोचलं पाहिजे.

बांधणी. पणत्या एकावर एक रचायच्या नाहीत. खालच्या पणतीवर सगळा भार येतो आणि धक्क्याला तीच जाते. त्या पुस्तकांसारख्या कडेवर उभ्या लावायच्या, दोहोंमध्ये कागद. मगात कागदाचे बोळे भरायचे आणि कानाभोवती वेगळी गुंडाळी. खोका पाच पदरी घ्यावा, आणि भरल्यावर हलवून बघावा. आत काही सरकल्याचा आवाज आला तर पुन्हा उघडावा. तांबं मात्र वर्तमानपत्रात थेट गुंडाळू नये, शाईचे आणि ओलीचे डाग पडतात. आधी कोरा मऊ कागद, मग बाकीचं.

प्रत्येक खोक्यात एक चिठ्ठी घालतो. तांब्यासाठी: 'यात ताक, लिंबू, चिंच ठेवू नये. काळवंडलं तर चिंच-मिठाने घासावं, तारेच्या घासणीने नाही.' कढईसाठी: 'रिकामी तापवू नये.' पणत्यांसाठी: 'पाण्यात भिजवून वाळवलेल्या आहेत, लगेच वापरा.' पैठणीसाठी: 'मलमलच्या कापडात ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदला. जरीवर अत्तर नको.' आणि चिठ्ठीच्या मागे, घडवणाऱ्याची हरकत नसेल तर, त्याचं नाव आणि गाव.